वाळवंटात व्हीलचेअर: अमेरिकेतल्या स्टेट पार्कमध्ये आपल्याला जमणारा ट्रेल कसा शोधायचा

ॲरिझोना, युटा, नेवाडा किंवा कॅलिफोर्नियातल्या एखाद्या स्टेट पार्कचं पान उघडलं आणि त्यावर व्हीलचेअरचं निळं चिन्ह दिसलं, की आपण निश्चिंत होतो. पण बऱ्याचदा ते चिन्ह पार्किंग, टॉयलेट आणि व्हिजिटर सेंटरपुरतंच असतं. ट्रेलचं काय, हे त्यातून कळत नाही. ट्रेलसमोर ‘ॲक्सेसिबल’ लिहिलं असलं तरी तो कोणाच्या खुर्चीला, कोणत्या महिन्यात आणि किती अंतरापर्यंत झेपेल, हे आपलं आपणच शोधून काढावं लागतं. घरी बसून तासभर नीट शोध घेतला, तर हे बहुतेक सगळं निघण्याआधीच कळतं.

हा लेख दोघांसाठी आहे: स्वतः व्हीलचेअर वापरणाऱ्यांसाठी, आणि भारतातून आलेल्या आईबाबांना घेऊन फिरणाऱ्यांसाठी. दोघांच्या गरजा वेगळ्या आहेत. ते पहिल्याच पायरीला दिसेल.

आधी खुर्ची बघा, मग ट्रेल

आईबाबा येणार म्हटलं की आपण दुकानातून एक हलकी, घडी होणारी खुर्ची आणतो. चारही चाकं लहान, मागून दुसऱ्यानं ढकलायची. तिला ट्रान्सपोर्ट चेअर म्हणतात. मॉलमध्ये आणि विमानतळावर ती उत्तम. वाळवंटातल्या ट्रेलवर मात्र ती फक्त काँक्रीट, डांबर किंवा लाकडी फळ्यांच्या वाटेवरच चालेल असं धरून चाला. बारीक खडीचा दोन इंचांचा थर लागला तरी पुढची चाकं रुततात, आणि बसलेली व्यक्ती पुढे कलंडू शकते.

मागे मोठी चाकं असलेली नेहमीची खुर्ची दाबून बसवलेल्या मातीवर बऱ्यापैकी चालते. तिचीही अडचण पुढच्या छोट्या चाकांचीच असते. त्यासाठी पायफळीला अडकवायचं एक मोठं तिसरं चाक मिळतं. फ्रीव्हील हे त्यातलं माहितीचं नाव. ते लावलं की पुढची छोटी चाकं जमिनीपासून उचलली जातात आणि खुर्ची तीनचाकी होते. रोज व्हीलचेअर वापरणाऱ्या आणि बाहेर फिरायची आवड असलेल्या माणसानं एकाच वस्तूवर पैसे घालायचे ठरवले, तर मी हीच सुचवेन. मात्र ते पक्क्या पायफळीच्या खुर्चीला नीट बसतं. घडीच्या खुर्चीसाठी वेगळा जोड लागतो, तेव्हा आधी विचारून घ्या.

पॉवर चेअर, म्हणजे बॅटरीवर चालणारी खुर्ची, जड असते. टणक जमिनीवर ती चढही सहज घेते, पण मऊ वाळूत एकदा रुतली की दोघातिघांना उचलत नाही. शिवाय चढावर आणि खडबडीत वाटेवर बॅटरी लवकर उतरते. कंपनीनं सांगितलेल्या पल्ल्याचा अर्धाच पल्ला धरून बेत आखा.

नियमांचं एक. अमेरिकेच्या अपंगत्व कायद्यानुसार, म्हणजे 1990 च्या एडीएनुसार, जिथे पायी चालायला परवानगी आहे तिथे हातानं चालवायची किंवा पॉवरची व्हीलचेअर नेता येते. सेगवे, गोल्फ कार्ट यांसारख्या इतर वाहनांना मात्र पार्क आपल्या परिस्थितीनुसार मर्यादा घालू शकतं. तशी गाडी न्यायची असेल तर आधी विचारा.

तिकीट कधीचं काढायचं

आईबाबांना आपण मे-जूनमध्ये बोलावतो, कारण मुलांना सुट्टी असते आणि तिकडे उकाडा असतो. वाळवंट दाखवायचं असेल तर ही सगळ्यात वाईट वेळ. फिनिक्स किंवा लास व्हेगासच्या आसपास जूनपासून सप्टेंबरपर्यंत पारा 40 अंश सेल्सियसच्या वर असणं नेहमीचंच. अशा हवेत उन्हातलं डांबर 60 अंशांच्या पुढे जातं. खुर्चीत बसलेल्या माणसाचं अंग त्या डांबरापासून पाऊण हातावर असतं. नेवाडाच्या व्हॅली ऑफ फायर स्टेट पार्कमध्ये उन्हाळ्यात कित्येक ट्रेल उष्णतेमुळे बंदच ठेवतात. जुलै ते सप्टेंबर हा अमेरिकेच्या नैऋत्य भागातला मान्सूनही असतो. कुठेतरी दूर डोंगरावर पाऊस पडतो आणि इथला कोरडा ओढा काही मिनिटांत दुथडी भरून वाहतो.

सखल वाळवंटासाठी नोव्हेंबर ते मार्च हा काळ धरा. फेब्रुवारीच्या अखेरीपासून एप्रिलच्या सुरुवातीपर्यंत, पाऊस चांगला झाला असेल तर, दक्षिण कॅलिफोर्नियाच्या वाळवंटात फुलांचा बहर असतो, आणि तेवढीच गर्दीही. युटाचं पठार उंच आहे, तिथे हिवाळ्यात बर्फ पडतो. तिकडे एप्रिल-मे किंवा सप्टेंबर-ऑक्टोबर बरा.

शोध कुठून सुरू करायचा

पहिली खिडकी राज्याच्या पार्क खात्याची. कॅलिफोर्नियाचं खातं या बाबतीत पुढे आहे. प्रत्येक पार्कसाठी ट्रेल, टॉयलेट, पार्किंग, कॅम्पसाइट यांची वेगवेगळी सुगम्यता-माहिती त्याच्या संकेतस्थळावर मिळते. इतर राज्यांत हीच माहिती पार्कच्या नकाशात किंवा ट्रेलच्या यादीत एका ओळीत दडलेली असते. त्यामुळे पार्कचं पीडीएफ माहितीपत्रक उतरवून घ्या आणि त्यात ‘पेव्ह्ड’, ‘बॅरियर-फ्री’, ‘बोर्डवॉक’ हे शब्द शोधा. ‘इझी’ या शब्दावर अजिबात जाऊ नका. तो धडधाकट पायांसाठी लिहिलेला असतो. अर्धा मैल सपाट पण घोटाभर वाळूतून जाणारी वाटही ‘इझी’च असते.

दुसरी खिडकी ऑलट्रेल्स, म्हणजे ट्रेल शोधायचं ॲप. त्यात व्हीलचेअरसाठी वेगळी चाळणी आहे. पण चाळणीतून आलेल्या नावावर थांबू नका, त्याखालच्या प्रतिक्रिया वाचा. ‘बाबागाडी ढकलत नेली’ असं कोणी लिहिलं असेल तर ते व्हीलचेअरला लागू होईलच असं नाही. बाबागाडी दोन पायऱ्यांवरून उचलता येते. खुर्ची वापरणाऱ्यानं स्वतः लिहिलेली एक प्रतिक्रिया इतर पन्नास प्रतिक्रियांना भारी असते.

इथेच पासचं बघून घ्या, कारण यात फार गोंधळ होतो. नॅशनल पार्क केंद्राचे, स्टेट पार्क राज्याचे. कायमचं अपंगत्व असलेल्यांना केंद्राचा ॲक्सेस पास आयुष्यभरासाठी मोफत मिळतो, पण तो फक्त अमेरिकन नागरिक आणि ग्रीन कार्डधारकांसाठी आहे, आणि स्टेट पार्कच्या दारात त्याचा उपयोग नाही. पर्यटक व्हिसावर आलेल्या आईबाबांना तो मिळत नाही. राज्यांच्या सवलती वेगळ्या असतात. कॅलिफोर्नियात अपंगत्वाचा सवलत-पास 3.50 डॉलरला एकदाच काढायचा, त्यावर दिवसाच्या वाहन-शुल्कात आणि कॅम्पिंगमध्ये निम्मी सूट मिळते.

चार आकडे

हा भाग सावकाश वाचा. बाकी सगळं विसरलात तरी चालेल.

अमेरिकेच्या ॲक्सेस बोर्डानं, म्हणजे सुगम्यतेची मानकं ठरवणाऱ्या केंद्राच्या मंडळानं, केंद्राच्या जमिनींवरच्या ट्रेलसाठी 2013 मध्ये मानकं जाहीर केली. ती राज्यांच्या पार्कना थेट बंधनकारक नाहीत, तरी आपल्याला मोजपट्टी म्हणून चांगली आहेत. त्यातला पहिला आकडा रुंदीचा: वाट किमान 36 इंच रुंद हवी. समोरून दुसरी खुर्ची आली तर तेवढ्यात भागत नाही. म्हणून वाट 60 इंचांपेक्षा अरुंद असेल तर दर 1,000 फुटांच्या आत 60 बाय 60 इंचांची जागा सोडावी लागते. वळून परत फिरायलाही तीच जागा कामाला येते.

दुसरा आकडा चढाचा. 5 टक्क्यांपर्यंतचा चढ कितीही लांब चालतो. 5 ते 8.33 टक्के असेल तर सलग 200 फुटांपर्यंत, मग विसाव्याची सपाट जागा हवी. 10 टक्क्यांपर्यंत सलग 30 फूट, 12 टक्क्यांपर्यंत फक्त 10 फूट, आणि 12 च्या वर काहीच नाही. भारतात इमारतींच्या रॅम्पसाठी 1:12 चं प्रमाण सांगतात, ते म्हणजेच 8.33 टक्के. सोसायटीच्या रॅम्पवर आईला ढकलताना दम लागत असेल, तर 10 टक्क्यांचा मातीचा चढ कसा असेल याचा अंदाज आत्ताच घ्या.

ॲपमध्ये दिसणारी सरासरी फसवी असते. समजा ट्रेल अर्धा मैल, म्हणजे 2,640 फुटांचा आहे आणि चढ एकूण 100 फूट. सरासरी निघते 3.8 टक्के, ऐकायला छान. पण पहिले 2,000 फूट सपाट असतील आणि सगळा चढ शेवटच्या 640 फुटांत असेल, तर तिथे तो साडेपंधरा टक्क्यांच्या पुढे जातो. म्हणून सरासरी बघू नका. उंचीचा आलेख उघडा आणि त्यातली सगळ्यात उभी रेघ शोधा. वाट आधी खाली उतरत असेल तर जास्तच सावध राहा, कारण दमलेल्या हातांनी चढायचं परतीच्या वेळी असतं.

तिसरा आकडा लोक विसरतात: आडवा उतार. वाट एका बाजूला कललेली असेल तर खुर्ची सारखी त्या बाजूला ओढली जाते, आणि एकाच हातावर जोर देत राहावं लागतं. काँक्रीट, डांबर किंवा फळ्यांच्या वाटेवर हा उतार साधारण 2 टक्क्यांपर्यंत आणि मातीच्या वाटेवर 5 टक्क्यांपर्यंत चालतो. समोरचा 6 टक्के चढ एकवेळ परवडला, पण अर्धा मैलभर 5 टक्के आडवा उतार खांद्यांचं काम तमाम करतो.

चौथा आकडा अडथळ्याचा. पक्क्या वाटेवर अर्धा इंच, मातीच्या वाटेवर दोन इंच. याहून उंच दगड, मूळ किंवा फळीची कड आली की थांबायचं.

हे आकडे प्रत्यक्ष जागेवर फोननं मोजता येतात. आयफोनच्या मेजर ॲपमधली पातळी अंशांत दिसते, अँड्रॉइडवरही अशी फुकट ॲप आहेत. वाटेवर एक पुठ्ठ्याची वही ठेवा आणि तिच्यावर फोन. 3 अंश म्हणजे साधारण 5 टक्के, 5 अंश म्हणजे पावणेनऊ, 7 अंश म्हणजे 12 च्या वर. घराजवळच्या ओळखीच्या चढावर आधी एकदा मोजून बघा, म्हणजे आपल्याला कितपत झेपतं याचा स्वतःचा आकडा हाती येतो. माझ्या मते मानकांपेक्षा हा घरचा आकडा जास्त उपयोगी.

याच मानकांनुसार ट्रेलच्या तोंडाशी लावलेल्या फलकावर लांबी, जमिनीचा प्रकार, रुंदी, चढ आणि आडवा उतार असं सगळं लिहिलेलं असायला हवं. काही स्टेट पार्कही असे फलक लावतात. दिसला तर फोटो काढून ठेवा.

जमीन

वाळवंटातल्या पार्कमध्ये तुम्हाला सगळ्यात जास्त भेटेल ती झिजलेल्या ग्रॅनाइटची बारीक भुगाळ खडी. इथले लोक तिला नुसतं डीजी म्हणतात. चिकटवणारं द्रव्य मिसळून नीट दाबलेली असेल तर ती डांबराच्या जवळपास टणक असते. तशी नसेल तर दोन हंगामांत वरचा थर सुटतो आणि चाकाखाली मोहरीसारखा घरंगळतो. फोटोत दोन्ही सारख्याच दिसतात. फरक ओळखायची खूण म्हणजे बुटांचे ठसे. फोटोत खोल, स्पष्ट ठसे दिसले तर जमीन मऊ आहे. सायकलच्या चाकाची बारीक रेघ दिसली आणि ठसे जवळपास नसले, तर ती टणक आहे.

दुसरी गोष्ट वॉशची, म्हणजे कोरड्या ओढ्याची. उपग्रह नकाशावर ट्रेलची रेघ जिथे फिकट, रुंद, वेड्यावाकड्या पट्ट्याला छेदते, तिथे वॉश आहे. त्यात जवळपास नेहमी मऊ वाळू असते, मग बाकीचा ट्रेल कितीही गुळगुळीत असो. शिवाय पूर आला की तो भाग वाहून जातो. डेथ व्हॅली नॅशनल पार्कमधली सॉल्ट क्रीकची लाकडी पायवाट ऑगस्ट 2022 च्या पुरात उद्ध्वस्त झाली. त्यामुळे वर्षभरापूर्वीचा फोटो किंवा प्रतिक्रिया पुरेशी मानू नका.

रेंजरला फोन

फोन करायला लोक बिचकतात, विशेषतः उच्चारांमुळे. बिचकू नका. वाळवंटातल्या पार्कचे रेंजर असे प्रश्न रोज ऐकतात. फक्त ‘ट्रेल ॲक्सेसिबल आहे का’ असं विचारू नका, कारण उत्तर ‘हो’ असं येईल आणि हाती काहीच लागणार नाही. त्याऐवजी असं विचारा:

गेल्या महिन्याभरात या ट्रेलवर कोणी व्हीलचेअर नेलेली पाहिली का, आणि कुठपर्यंत? पार्किंगपासून ट्रेलच्या तोंडापर्यंत काय आहे, खडी की काँक्रीट? (इथेच बऱ्याच जणांची पंचाईत होते. ट्रेल पक्का असतो आणि पार्किंग खडीचं.) सगळ्यात उभा चढ कुठे आहे? वाटेत वॉश किंवा फाटक आहे का, आणि फाटकातून किती इंचांची खुर्ची जाते? सावली कुठे आहे? टॉयलेटमध्ये पाणी आहे का? ट्रेलवर मोबाइलला रेंज आहे का? आणि पार्कजवळ उसनी खुर्ची मिळते का?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर कधी कधी सुखद धक्का देतं. कोलोरॅडोच्या ग्रेट सँड ड्यून्स नॅशनल पार्कमध्ये फुगीर टायरच्या, वाळूत चालणाऱ्या खुर्च्या मोफत वापरायला देतात. कोलोरॅडोच्याच स्टॉन्टन स्टेट पार्कमध्ये रणगाड्यासारख्या पट्ट्यांवर चालणारी ट्रॅक-चेअर मिळते, अर्थात ते पार्क वाळवंटात नाही, डोंगरात आहे.

सुरुवात करायला काही जागा

ट्रान्सपोर्ट चेअर घेऊन जायचं असेल आणि फिनिक्सच्या आसपास राहत असाल, तर अपाचे जंक्शनजवळचं लॉस्ट डचमन स्टेट पार्क. तिथला नेटिव्ह प्लांट ट्रेल पाव मैलाचा आणि पक्का आहे. समोर सुपरस्टिशन डोंगराचा उभा कडा. त्याच पार्कमधले कड्याकडे चढणारे बाकीचे ट्रेल मात्र खुर्चीसाठी नाहीत.

कॅलिफोर्नियाचं सगळ्यात मोठं स्टेट पार्क अँझा-बोरेगो, सहा लाख एकरांहून मोठं. एवढ्या पसाऱ्यात आपल्या उपयोगाचा मुख्य तुकडा व्हिजिटर सेंटरजवळ आहे. ही इमारत जमिनीत अर्धी दडवलेली आहे आणि छतावर वाळवंटाचीच झाडं आहेत. तिथून बोरेगो पाम कॅन्यन कॅम्पग्राउंडपर्यंत पक्की वाट जाते, एकेरी मैलाहून कमी. नाव सारखंच असलेला बोरेगो पाम कॅन्यन ट्रेल हा वेगळा, दगडधोंड्यांचा. नकाशात या दोघांची गल्लत करू नका. लॉस एंजेलिसच्या उत्तरेला मोहावी वाळवंटाच्या पश्चिम टोकाला अँटेलोप व्हॅलीचं पॉपी रिझर्व्ह आहे. तिथल्या आठ मैलांच्या वाटांपैकी एक तुकडा व्हीलचेअरसाठी पक्का केला आहे.

युटात तीन नावं. मोॲबजवळच्या डेड हॉर्स पॉइंटला पार्किंगपासून मुख्य कड्यापर्यंत पक्की वाट आहे, आणि 2,000 फूट खाली कोलोरॅडो नदीचं वळण दिसतं. कमी श्रमात एवढं मोठं दृश्य देणारी जागा मला दुसरी माहीत नाही. आजीआजोबांना न्यायचं असेल तर पहिली हीच. कोडाक्रोम बेसिनमधला अर्ध्या मैलाचा नेचर ट्रेल पक्का आहे. सेंट जॉर्जजवळच्या स्नो कॅन्यनमधला व्हिपटेल ट्रेल एकेरी तीन मैल, पूर्ण डांबरी, पण चढउतारांचा आणि सायकलींचा. दंडात जोर असलेल्यांसाठी किंवा पॉवर चेअरसाठी.

आणि व्हॅली ऑफ फायर. लास व्हेगासहून तासाभराचा रस्ता, म्हणून सगळे जातात. जा, पण गाडीतून बघण्यासाठी. तिथल्या ॲटलॅटल रॉकची प्राचीन चित्रं लोखंडी जिन्याच्या वर आहेत, आणि माउसेस टँकची वाट खोल वाळूची. रस्त्याकडेचे लाल खडक मात्र खिडकीतूनही पैसे वसूल करतात.

त्या दिवशी

सकाळी पार्क उघडताच पोचा. पाणी माणशी तासाला एक लिटर. त्याशिवाय एक फवाऱ्याची बाटली घ्या, कारण मणक्याला वरच्या भागात इजा झालेल्यांना इजेच्या खाली नीट घाम येत नाही आणि अंग लवकर तापतं. कोरड्या हवेत ओला पंचा मानेवर टाकला की चटकन थंडावा येतो. ज्यांच्या पायांना संवेदना नाही त्यांनी लांब पँट घालावी. उन्हात तापलेल्या धातूचा चटका त्यांना कळत नाही, फोड मात्र येतो. खुर्ची गाडीबाहेर काढून उन्हात ठेवू नका. चाकाच्या कड्यासाठी हातमोजे हवेतच.

आपल्याकडच्या माळरानावरचा सराटा इथेही आहे. तीच वनस्पती, तेच काटे, आणि पार्किंगच्या कडेला भरपूर. हवेच्या टायरला तो जागेवर बसवतो. वाळवंटात वारंवार जाणार असाल तर भरीव ट्यूब घालून घ्या, नाहीतर पंप आणि पंक्चरचं सामान जवळ ठेवा. चोया निवडुंगाचे गोळे कपड्याला किंवा टायरला चिकटले तर हातानं ओढू नका. जाड कंगवा त्याखाली सरकवून उडवा.

मऊ जागा लागलीच तर खुर्ची उलटी फिरवा आणि मागे ओढत न्या. वजन मोठ्या चाकांवर जातं आणि छोटी चाकं रुतत नाहीत. तीव्र उतारावरही बसलेल्या माणसाची पाठ उताराकडे करून, मागच्या माणसानं खाली उतरत जायचं. परत फिरायची वेळ अंतरावर ठरवू नका, शक्ती आणि पाण्यावर ठरवा: दोन्हींपैकी कशाचाही एक तृतीयांश हिस्सा संपला की वळा.

फिरून आल्यावर एक काम उरतं. फलकावरचा चढ आणि तुम्ही मोजलेला चढ जुळला नाही, फाटकात खुर्ची अडली किंवा वॉशमध्ये वाट तुटलेली दिसली, तर फोटो, ठिकाण आणि आकड्यासह पार्कला ईमेल करा. 50 किंवा त्याहून जास्त कर्मचारी असलेल्या प्रत्येक सरकारी खात्याला एडीएसाठी जबाबदार अधिकारी नेमावा लागतो. त्यालाही प्रत पाठवा. ‘ट्रेल खराब आहे’ असं मोघम लिहू नका. ‘दुसऱ्या बाकाच्या पुढे 30 फूट, आडवा उतार 4 अंश, उजवीकडे खडी सुटली आहे’ असं लिहिलं तर दुरुस्तीचा माणूस थेट त्या जागी जाऊ शकतो.